चित्रफेरीतली बाई

पडद्यावर माझी माय आली.

जळगावच्या एका कॉलेजचं सभागृह. आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजुषेची अंतिम फेरी. स्टेजवर चार टेबलं, एकेका टेबलाला तीन खुर्च्या. आमच्या धुळ्याच्या टीमचं टेबल दुसरं. मी तिसऱ्या खुर्चीवर. चित्रफेरी चालू होती. पहिल्या टेबलाला एक किल्ला आला. मग आमचा नंबर. आणि पडद्यावर माय उभी. भिंतीएवढी.

डोक्यावर लाकडांची मोळी. गळ्यात चांदीची हासळी. दंडात वाक्या. पाय अनवाणी. नजर कॅमेऱ्याकडे नाही, जरा बाजूला, लाजल्यासारखी.

क्विझमास्टरने कार्डावरून वाचलं, "चित्रातील स्त्रीच्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून तिची जमात ओळखा. दहा गुणांसाठी. तुमची वेळ सुरू होते आता."

मागच्या रांगेतून कोणीतरी शिटी मारली. कोणीतरी हसलं.

आमचा कॅप्टन अथर्व माझ्याकडे झुकला. त्याने कागदाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि कुजबुजला, "तुमचंच आहे ना हे? भिल्ल की पावरा? पटकन लिही."

तुमचंच.

पेन माझ्या हातात होतं. उत्तर एका शब्दाचं. माझ्या जातीच्या दाखल्यावर असलेलं, हॉस्टेलच्या रजिस्टरात असलेलं, लहानपणापासून कोणी ना कोणी माझ्याकडून वदवून घेतलेलं. मी नकार दिला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. हात लाकूड झाला होता. वर माय, खाली कागद. मला नुसतं दिसत होतं.

"अगं लिही ना!" मधल्या खुर्चीवरची केतकी म्हणाली.

वेळ संपली. प्रश्न पुढच्या टेबलाकडे गेला. त्यांनी काहीतरी सांगितलं, चूक. त्याच्या पुढच्यांनीही सांगितलं, तेही चूक. तोवर माय मोळी घेऊन उभीच. मग क्विझमास्टरने बरोबर उत्तर सांगितलं आणि वर म्हणाला, "अहो, आपल्या सातपुड्यातलेच लोक आहेत हे. आपल्याला आफ्रिकेतल्या जमाती पाठ आणि घराच्या मागची माहीत नाही!"

सगळे हसले. टाळ्याही पडल्या.

ते उत्तर मी इथे लिहिणार नाही. तेव्हा लिहिलं नाही, आता कशाला लिहू.

पडदा बदलला. तिसऱ्या टेबलासाठी कसलासा पक्षी आला.

*

"आपल्या टीमला इतिहास आहे," असं आमचे सर नेहमी म्हणायचे. खोटं नव्हतं ते. सर नवे नवे लागले तेव्हा त्यांनी ही टीम उभी केली. पहिला बझर त्यांनी स्वतः बनवला होता. प्लायवूडची फळी, तिच्यावर रंगीत बल्ब आणि दारावरच्या घंटीची बटणं. ती फळी अजून त्यांच्या केबिनमध्ये कपाटावर आहे. आणि भिंतीवर दर वर्षाच्या टीमचा फोटो. तीन चेहरे, मध्ये ढाल, खाली नावं. सर एकेका फोटोवर बोट ठेवून सांगायचे. हा आता मोठा अधिकारी आहे. हा अमेरिकेत. हिचं इथेच हॉस्पिटल आहे.

सरांची वाट बघत बसावं लागायचं, तेव्हा मी ती नावं वाचायची. आडनावं वाचली की धुळ्यातल्या कोणत्या कॉलनीतलं पोर ते कळायचं. आमच्याकडचं आडनाव एकही नव्हतं.

मी शिरपूर तालुक्यातली. सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा. पावसावरची थोडी शेती, एरवी मजुरी, मोहाच्या दिवसांत मोहफुलं. बारावीपर्यंत आश्रमशाळा, मग धुळ्याला कॉलेज आणि सरकारी हॉस्टेल. टीमची निवड लेखी परीक्षेवर व्हायची. पेपरावर नाव नसायचं, फक्त नंबर. माझा नंबर पहिला आला. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. यादीतलं माझं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा यादीकडे पाहिलं.

"कुठली गं तू?"

मी सांगितलं.

"अरे वा! टीमच्या इतिहासात पहिल्यांदा." त्यांनी मला पेढा दिला. खरंच आनंद झाला होता त्यांना. सर खलनायक नव्हते. घरची पुस्तकं आणून द्यायचे. रविवारी माझ्यासाठी वाचनालय उघडं ठेवायला सांगायचे. सर वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

पहिला सराव सामना भरलेल्या हॉलमध्ये झाला. मी बझर दाबला, उत्तर दिलं. सरांनी मुद्दाम विचारलं, "नक्की?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा सर, तेच शे." आहेच्या जागी शे.

हॉल हशाने फुटला. मागून आवाज आला, "शेऽऽऽ!" उत्तर बरोबर होतं. गुण मिळाले. पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये माझं नाव शे. शे आली. शे गेली.

आणि गंमत बघा, हसणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या घरात हीच अहिराणी बोलतात. अथर्वच्या देवपुरातल्या बंगल्यात आम्ही सरावाला जायचो. त्याची आजी झोपाळ्यावर बसलेली असायची. तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "कोनता गावनी शे वं तू?" मला इतकं बरं वाटलं. तेवढ्यात आतून अथर्वची आई आली. "आई, मराठीत बोला." आजी गप्प झाली. मग माझ्याकडे बघून नुसती हसली. आम्ही दोघी एकाच बाकावरच्या.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला समजावलं. आवाज अगदी मऊ. "तू हुशार आहेस, शंकाच नाही. पण उच्चार. बाहेर गेल्यावर लोक हसतात, मग टीमचं मनोबल जातं. आपण असं करू. तू कागदावर लिहून द्यायचं, अथर्व बोलेल. तुझं डोकं, त्याचा आवाज. टीम म्हणजे तरी काय असतं?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते. टीममधून काढलं असतं तर पुस्तकं गेली असती, वाचनालय गेलं असतं.

वर्षभर तसंच चाललं. मी लिहायची, तो बोलायचा. आम्ही धुळ्यात जिंकलो, अमळनेरला जिंकलो, नंदुरबारला जिंकलो. पेपरात बातमी आली, अथर्वच्या अचूक उत्तरांमुळे विजय. फोटोत मी होते. हॉस्टेलच्या मुलींनी ते कात्रण भिंतीला चिकटवलं. त्या म्हणायच्या, "तू काय बोललीस गं तिथं?" मी म्हणायची, "खूप."

वर्षभर स्टेजवर बसून मी एक शब्द बोलले नव्हते.

*

जळगावहून परत येताना आम्ही अथर्वच्या वडिलांच्या गाडीत होतो. दुसरे आलो होतो. एरंडोलला सरांनी चहाला गाडी थांबवली. अथर्व आणि केतकी टपरीकडे गेले. सर माझ्याजवळ आले.

"काय झालं होतं तुला?"

मी गाडीचं दार धरून उभी राहिले.

"अगं, तुझ्यासाठीच टाकला होता तो प्रश्न."

मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चित्रफेरीचे प्रश्न त्यांनी माझ्याकडूनच मागवले होते. हा फोटो आपल्या कॉलेजच्या हिवाळी शिबिरातला. म्हटलं, ही पोरगी वर्षभर राबते, एक प्रश्न तिच्या हक्काचा असू दे. नंबरही आपलाच येईल असं बघितलं. आणि तू दगडासारखी बसलीस."

त्यांचे डोळे भरून आले होते. देवाशप्पथ. ते दुखावले गेले होते.

मी म्हणाले, "सर, ती माझी माय आहे."

सर थांबले. मला वाटलं आता काहीतरी होईल. काय होईल ते माहीत नव्हतं, पण काहीतरी.

सर म्हणाले, "अरे! मग तर तुला उत्तर यायलाच हवं होतं."

मी गाडीत जाऊन बसले. पारोळ्यापर्यंत मी खिडकीला कपाळ लावून होते. रडू येत नव्हतं. ते आलं असतं तर बरं झालं असतं. सर काही कुत्सित बोलले नव्हते. मनापासून बोलले होते. ज्याच्यावर रागावायचं तो माणूस तुमच्या भल्यासाठीच झटत असतो, तेव्हा राग कुठे ठेवायचा? मला जागा सापडेना.

*

त्या फोटोची गोष्ट मला माहीत होती. मायनेच सांगितली होती. मी आश्रमशाळेत असताना आमच्या पाड्यावर शिबिर आलं होतं. पोरापोरींनी गोणपाटांत माती भरून नाल्यावर बंधारा घातला. शेवटच्या दिवशी एक मॅडम आमच्या घरी आल्या. घरातली चांदी काढायला लावली. माय ती फक्त होळीला आणि लग्नात घालते. तिला वाटलं, बसवून फोटो काढतील. तर मॅडमनी अंगणातली मोळी तिच्या डोक्यावर दिली. चपला काढायला सांगितल्या.

"लाकडं वाहताना हासळी कोन घालस?" माय मला सांगताना हसली होती. "मी त्यास्ले सांगं. तं त्या म्हने, ऱ्हाऊ द्या, मस्त दिसस."

फोटो पाठवू म्हणून सांगून गेले. मायने बरेच दिवस वाट पाहिली. तिचा दुसरा फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. तो तिला आवडत नव्हता.

जळगावनंतर सुट्टीत मी घरी गेले. ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण मायपुढे ते टिकलं नाही. ती अंगणात तूर पाखडत होती. माझ्याशी ती अहिराणीच बोलते. पाड्यावरची आमची वेगळी बोली तिने म्हाताऱ्यांसाठी ठेवली आहे.

मी म्हणाले, "माय, तुना फोटू दखा मी. जळगावले."

तिने सूप खाली ठेवलं. "तो? हासळीवाला?"

"हां."

"कितला मोठा व्हता?"

"भीतएवढा."

ती खुदकन हसली. पदर तोंडाला लावला. "बठ्ठा लोकेस्नी दखा?"

"बठ्ठास्नी." सगळ्यांनी.

"मंग काय बोलनात त्या?"

आता काय सांगू. जमात हा शब्द मायच्या बोलण्यात नाही. मी म्हणाले, "त्यास्नी इचारं, ही बाई कोन शे?"

"मंग? तू सांगं का?"

"नही."

मायच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. रागावली नाही. तिला फक्त उमगेना. "काबरं? तू तं तठेच व्हती ना?"

मी लिहिलं असतं तर तिला दहा गुणांना विकलं असतं. लिहिलं नाही, तर तिची लेक समोर असून तिला कोणी ओळखलं नाही. दोन्ही दारं त्यांनीच केलेली. कोणत्याही दाराने गेले तरी माय बाहेरच राहत होती.

तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. जरा वेळाने म्हणाली, "फोटू देतीन का त्या आते?"

*

कॉलेज उघडल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते बस म्हणाले तरी बसले नाही.

"सर, मायचा फोटो काढून टाका. आणि एक प्रत मला द्या."

"प्रत देतो की," सर म्हणाले. "पण काढणार कुठून? तो प्रश्नसंच आता सगळीकडे गेला. कॉलेजांकडे गेला, ग्रुपवर गेला. माझ्या हातात काय राहिलं?" ते खरंच हतबल दिसत होते. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि त्यात अपमान काय आहे? संस्कृती आहे ती तुमची."

"लाकडं वाहताना हासळी घालत नाहीत, सर."

"म्हणजे?"

"काही नाही. दुसरं. यापुढे मी कागदावर लिहून देणार नाही. मी बझर दाबेन आणि मीच बोलेन. जसं येतं तसं."

सरांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या मनाची तयारी दिसत नाही मला. यंदा विश्रांती घे. टीमला इतिहास आहे बेटा. माझ्या एकट्याची नाही ती."

इतकंच. आरडाओरडा नाही, काही नाही. पुढच्या सरावाला तिसऱ्या खुर्चीवर फर्स्ट इयरची एक मुलगी होती. चांगली होती. तिचे उच्चार स्वच्छ होते. वाचनालय रविवारी बंद राहायला लागलं. फोटोची प्रत सर विसरले. मी पुन्हा मागितली. ते पुन्हा विसरले.

मी कोणाकडे तक्रार करणार होते? कशाची करणार होते? की माझ्या सरांनी मला दहा गुण द्यायचा प्रयत्न केला?

*

त्याच वर्षी आमच्याच कॉलेजात स्पर्धा झाली. मी हॉस्टेलच्या मुलींबरोबर मागे बसले होते. पुढच्या रांगेत सर. क्विझमास्टर बाहेरून आलेला. चित्रफेरी लागली आणि चौथं की पाचवं चित्र, माय.

मोळी, हासळी, अनवाणी पाय. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. पेहरावावरून, दागिन्यांवरून.

स्टेजवरच्या टीमची डोकी एकत्र आली. कुजबुज चालू झाली. माझ्या शेजारच्या मुलीने माझा हात धरला. तिला माहीत होतं. मी हात सोडवला आणि उभी राहिले.

"ती सुमलीबाई शे," मी म्हणाले. "मनी माय शे."

आवाज फार मोठा निघाला नाही. पण क्विझमास्टर तेव्हा माईकवर बोलत नव्हता, म्हणून ऐकू गेला. माना वळल्या. क्विझमास्टरने डोळ्यांवर हात धरून अंधारात पाहिलं. "प्रेक्षकांनी कृपया उत्तर देऊ नये."

"तिचं नाव सुमलीबाई आहे," मी पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांना कळेल असं.

"मॅडम, हा प्रश्न प्रेक्षकांसाठी नाही. आणि तसंही," तो कार्डाकडे बघून हसला, "उत्तर चुकीचं आहे."

हॉल हसला. सगळा हॉल. पडद्यावर माय तशीच उभी होती. सर उठून उभे राहिले होते. हाताने मला बस, बस म्हणत होते. चेहरा केविलवाणा. मी बसले नाही. मी आणखी एकदा नाव सांगितलं. मग बिल्ला लावलेल्या दोन पोरी आल्या. "चल ना गं, प्लीज," म्हणत त्यांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. दार बंद झालं. आतून घंटी ऐकू आली आणि टाळ्या. कोणीतरी बरोबर उत्तर दिलं होतं.

बाहेर ऊन होतं. मी पायऱ्यांवर बसले. आत जाऊन दार वाजवावं असं वाटत होतं आणि तेवढं बळ नव्हतं. हॉस्टेलच्या मुली थोड्या वेळाने आल्या. एकीने पाणी दिलं.

त्यानंतर काही बदललं असं नाही. फोटो अजून फिरतो. मध्यंतरी मोबाईलवरच्या एका स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर आला, खाली चार पर्याय. शिंदखेड्याच्या एका मैत्रिणीने पाठवला. तिला माहीत नव्हतं. सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला टीमचा सगळा इतिहास पडद्यावर दाखवला म्हणे, आमच्या वर्षाचा फोटोही दाखवला. मी आता धुळ्यातच राहते, बीएड करते, शिकवण्या घेते. फोटो ज्यांच्याकडे आहे त्यांना मी लिहिलं. कोणाचं उत्तर येत नाही. मी तो पुसू शकत नाही. कोणीच पुसू शकत नाही आता. हे मला कळून चुकलंय.

पण जिथे जिथे अशी स्पर्धा असते, धुळ्यात असो की जळगावला, मी जाते. मागे बसते. दोनदा तो फोटो आला, दोनदा उठले, दोनदा बाहेर काढलं. एकदा तर एका प्राध्यापकांनी मला वेडी ठरवलं. ठरवू देत.

मायला मी सगळं सांगितलं. बाहेर काढलं तेही सांगितलं. ती चुलीपुढे होती. भाकर उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग आते?"

"आते परत जासू," मी म्हणाले. "परत सांगसू."

मी लिहून देणार नाही. कोणाच्या तोंडून बोलणार नाही. ते प्रश्न विचारत राहतील तोवर मी मधेच उठत राहीन आणि तिचं नाव घेत राहीन, माझ्या तोंडाने, माझ्या बोलीत. त्यांच्या कार्डावर ते उत्तर चूकच निघणार. निघू दे. मी खाली बसणार नाही.